शिरांच्या इंजेक्शनसाठी सिरिंज कुठली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायांवरच्या निळ्या-जांभळ्या जाळीदार शिरा इंजेक्शनने घालवायच्या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. औषध कुठलं आणि किती टक्क्यांचं, यावर आम्ही डॉक्टर मंडळी तासन्‌तास बोलतो. सिरिंज मात्र "सिस्टर, असेल ती द्या" एवढ्यावर भागवली जाते. मग शिर फुटली, फोम (म्हणजे औषध हवेत घुसळून केलेला फेस) विरला, सुई उडाली, की मला मेसेज येतात. विचारणारे बहुतेक जण नव्याने हे काम सुरू केलेले त्वचारोगतज्ज्ञ आणि सर्जन असतात, काही ओटीच्या सिस्टर असतात, आणि हातात चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात उभे असलेले पेशंटही असतात. त्यांचेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पेशंटनी प्रश्न १६ पासून पुढे वाचलं तरी चालेल.

१. औषध तेच असेल तर सिरिंजने असा काय फरक पडतो?

पोलिडोकॅनॉल काय किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट (पुढे एसटीएस) काय, ही औषधं म्हणजे एक प्रकारचे साबणच. शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशी ती विस्कटून टाकतात, शिर आतून चिकटते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर तिला जिरवून टाकतं. पण त्यासाठी औषध शिरेच्या आतच राहायला हवं. ज्यांना आपण स्पायडर व्हेन म्हणतो त्या एक मिलीमीटरपेक्षा कमी रुंदीच्या असतात. जोर जास्त झाला तर अशी शिर फुटते, किंवा औषध तिच्या पलीकडच्या नको त्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतं. मग कातडीवर जखम होते, नाहीतर काही आठवड्यांनी त्याच जागी लाल, केसासारख्या नव्या वाहिन्यांचं जाळं उगवतं आणि पेशंट विचारते, "डॉक्टर, आधीचंच बरं नव्हतं का?" जोर किती लागणार, माप किती अचूक येणार, सुई जागेवर राहणार की नाही आणि फोम किती टिकणार, या चारही गोष्टी सिरिंजवर ठरतात.

२. शिर बारीक, म्हणून सिरिंजही बारीक घ्यायची ना?

नाही. सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच आहे.

रंगपंचमी आठवा. जाड पिचकारीचा दट्ट्या दाबायला दोन्ही हात लागायचे आणि पाणी जेमतेम समोरच्यापर्यंत पोहोचायचं. बारीक नळीची पिचकारी एका अंगठ्याने दाबली तरी धार थेट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जायची. अंगठ्याचा जोर तेवढाच असतो, पण तो जेवढ्या लहान क्षेत्रफळावर पडेल तेवढा दाब वाढतो.

आता आकडे. १ मि.ली. सिरिंजच्या नळीचा आतला व्यास साधारण ४.८ मि.मी. असतो, ३ मि.ली.चा साधारण ८.७ आणि ५ मि.ली.चा १२ च्या आसपास. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे तोच अंगठा तेवढ्याच जोराने दाबला तर १ मि.ली.च्या सिरिंजमध्ये ३ मि.ली.च्या तिपटीहून जास्त दाब तयार होतो, आणि ५ मि.ली.च्या तुलनेत सहापट. दट्ट्यावर अर्धा किलोचं वजन ठेवलंय असं समजा: १ मि.ली.च्या नळीत २,००० मि.मी. पाऱ्याच्या वर दाब तयार होतो, ३ मि.ली.च्या नळीत सुमारे ६२०. यातला बराचसा दाब बारीक सुईतून जाताना खर्ची पडतो, शिरेपर्यंत सगळा पोहोचत नाही. पण सुई तीच आणि जोर तोच असेल तर जास्त दाबाच्या सिरिंजमधून औषध जास्त वेगाने बाहेर पडणार, आणि नाजूक शिर फोडायला तो वेगच पुरेसा असतो.

लहान सिरिंज दिसायला नाजूक असते. तिचा स्वभाव नाजूक नाही.

३. मग नेमकी किती मि.ली.ची घेऊ?

स्पायडर व्हेन आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या १ ते ३ मि.मी.च्या निळसर-हिरव्या शिरांसाठी, द्रवरूप औषध देताना, ३ मि.ली. आपल्याकडे २ मि.ली.ची सगळीकडे मिळते. तिची नळी रुंदीला साधारण ३ च्या जवळपासच असते, त्यामुळे तीही चालते.

सिरिंज गच्च भरू नका. ३ मि.ली.च्या सिरिंजमध्ये दीड, फार तर दोन मि.ली. घ्या. पूर्ण भरली की दट्ट्या इतका बाहेर येतो की अंगठा ताणून धरावा लागतो, आणि ताणलेल्या अंगठ्याला हलकं दाबता येत नाही. माझी एक विद्यार्थिनी हाताने अगदी लहानखुरी. तिच्या हातून शिरा सारख्या फुटायच्या. औषध बदललं, सुई बदलली, काही उपयोग झाला नाही. शेवटी सिरिंजमध्ये एकच मि.ली. भरायला लावलं, आणि त्याच दुपारपासून फुटणं थांबलं.

५ मि.ली.ची फोम तयार करायला हवी (प्रश्न १०). १० मि.ली.ची फक्त सलाइनसाठी. कातडीपाशी तिचं काही काम नाही. हातात जड लागते आणि ०.१ मि.ली.चं माप तिच्यावर दिसतही नाही.

४. १ मि.ली. अजिबातच वापरायची नाही का?

तसं म्हणत नाही. एकेका टोचणीला ०.०५ ते ०.१ मि.ली. इतकंच द्यायचं असेल, उरल्यासुरल्या दोन-चार रेघा मिटवायच्या असतील, तर १ मि.ली.वरचं माप फार उपयोगी पडतं. कित्येक वर्षं फक्त तीच वापरून उत्तम काम करणारे लोक मला माहीत आहेत, त्यांचा अंगठा तयार झालेला आहे. नवशिक्यांना मी सांगतो, पहिले काही महिने ३ मि.ली. वापरा. शिर पांढरी होत गेलेली डोळ्यांनी पाहून तिथल्या तिथे थांबायची सवय लागली की मग हवं तर १ मि.ली. हातात घ्या.

ग्लिसरीन हेही शिरा घालवायचं औषध, पण त्याची गोष्ट वेगळी. ते घट्ट असतं आणि ३० जी (गेज; आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) सुईतून रुंद सिरिंजने ढकलताना अंगठा दमतो. तिथे १ मि.ली.चा जादा दाब कामी येतो.

५. इन्सुलिनची सिरिंज वापरू का? सुई किती छान बारीक असते.

सुई छान असते हे खरं. सुई नळीलाच जोडलेली असल्यामुळे टोकाशी वाया जाणारं औषधही नगण्य असतं. सुट्या सुईच्या साध्या सिरिंजमध्ये ०.०७ ते ०.१ मि.ली. अडकून राहतं. तरीही मी वापरत नाही.

एक तर ती १ मि.ली.चीच, म्हणजे प्रश्न २ मधलं सगळं हिलाही लागू. दुसरं, सुई बोथट झाली की ती बदलता येत नाही, भरलेलं औषध तसंच टाकावं लागतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. तिच्यावरच्या खुणा मि.ली.च्या नसतात, युनिटच्या असतात. आपल्याकडे लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००, अशा दोन्ही मिळतात. यू-४० वर ४० युनिट म्हणजे १ मि.ली., यू-१०० वर १०० युनिट म्हणजे १ मि.ली. त्यामुळे "१० च्या खुणेपर्यंत दे" म्हटलं तर एकीतून ०.२५ मि.ली. जाईल आणि दुसरीतून ०.१. अडीच पटींचा फरक! अमेरिकेतून मुलाने आईसाठी पाठवलेल्या सिरिंजा यू-१०० च्या असतात, कोपऱ्यावरच्या दुकानातली बहुधा यू-४० असते. एकाच ट्रेमध्ये दोन्ही येऊ शकतात. वापरायचीच असेल तर एकच प्रकार ठेवा आणि युनिटमध्ये बोलायचं सोडून द्या.

६. लॉकवाली घ्यावी की साधी स्लिपवाली?

लॉकवाली. सुरुवातीला मीही स्लिपवाली, म्हणजे सुई नुसती दाबून बसवायची, वापरायचो. एकदा एका काकूंच्या गुडघ्यामागच्या शिरेत औषध जाईना, म्हणून अंगठा जरा जास्त दाबला. सुई शिरेतच राहिली, सिरिंज तिच्यापासून सुटली आणि औषध थेट माझ्या चष्म्यावर आलं. चष्मा होता म्हणून वाचलो. काकू उलट मलाच विचारत होत्या, "लागलं का हो तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी स्लिपवाल्या सिरिंजांचा अख्खा डबा ओटीतून हलवला.

या जोडणीला ल्युअर म्हणतात ते एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या ल्युअर घराण्यावरून. टोक शंभरात सहा या प्रमाणात निमुळतं होत जातं, म्हणून जगातली कुठलीही ल्युअर सुई कुठल्याही ल्युअर सिरिंजवर बसते. लॉकवालीत याच टोकाभोवती आटे असतात आणि सुई फिरवून घट्ट होते.

स्लिपवालीचा एक फायदा मान्य करायला हवा: सुई हवी तशी फिरवून बसवता येते, त्यामुळे सुईचं तिरपं तोंड आणि नळीवरची मापं एकाच बाजूला आणता येतात. लॉकवाली जिथे घट्ट होईल तिथे होते. हा मुद्दा शेवटच्या प्रश्नात परत येईल.

७. सुई किती जी घ्यायची?

स्पायडर व्हेनला ३० जी, अर्धा इंच. त्याहून रुंद निळ्या शिरांना २६ किंवा २७. सुईच्या बुडाचा रंग आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेला आहे: २७ करडा, २६ तपकिरी, २४ जांभळा, ३० पिवळा. यात एक मेख आहे. २० जीचं बूडही पिवळंच असतं. घाईत ट्रेकडे हात गेला तर एकीच्या जागी दुसरी येऊ शकते. जाडी पाहिली की चूक लगेच लक्षात येते, पण बघायला हवं. रंगावर विसंबू नका, आकडा वाचा.

सुईच्या बारीकपणाचा परिणाम आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो, कारण प्रवाह आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ३० ऐवजी २७ घेतली तर तेवढ्याच दाबाला जवळजवळ तिप्पट औषध जातं. सुई बदलली की अंगठ्यालाही नव्याने शिकवावं लागतं ते यामुळेच.

३० जी लवकर बोथट होते. पाच-सहा टोचण्या झाल्या की मी बदलतो. पेशंट "आता जरा जास्त टोचतंय" म्हणाली तर त्याआधीच.

८. पाकिटात सिरिंजसोबत सुई येतेच की. तीच का नाही?

२ मि.ली.च्या पाकिटात बहुधा २४ जीची, एक इंची सुई असते. स्नायूत इंजेक्शन द्यायला ती ठीक, कोळ्याच्या जाळ्याएवढ्या शिरेला नाही. ती औषध ओढून घ्यायला वापरा आणि मग ३० जी लावा. काचेचा अँप्यूल फोडताना काचेचे बारीक कण आत पडतात, म्हणून औषध ओढताना फिल्टर सुई वापरली तर उत्तम. मात्र फिल्टर सुई लावून पेशंटला कधीही टोचू नका. अडकलेले कण परत बाहेर ढकलले जातात.

९. फोम बनतो, पण मिनिटाभरात पाणी होतो. माझं काय चुकतंय?

बहुतेक वेळा तुमचं काही चुकत नसतं, सिरिंज चुकीची असते.

नेहमीच्या डिस्पोझेबल सिरिंजचे तीन भाग असतात: नळी, दट्ट्या आणि दट्ट्याच्या टोकाचं काळं रबर. ते रबर नळीत गुळगुळीत सरकावं म्हणून आतून सिलिकॉनचं तेल फिरवलेलं असतं. आता घरातली एक गोष्ट आठवा. पोटात वायू धरला की आपण सिमेथिकोनची गोळी घेतो. ती गोळी पोटातले बुडबुडे फोडते, आणि सिमेथिकोन हे सिलिकॉनच आहे. म्हणजे फोम बनवायला घेतलेल्या सिरिंजला आतून फोम मोडणाऱ्याच औषधाचा हात फिरवलेला असतो!

यावर उपाय दोन भागांची सिरिंज. हिच्यात काळं रबर नसतं आणि सिलिकॉनही नसतं, दट्ट्या थेट नळीला घासत सरकतो. दुकानात "टू-पार्ट, सिलिकॉन-फ्री" असं मागा. फोम कितीतरी जास्त टिकतो.

पण मग सगळ्याच कामाला हीच का नाही? कारण तेलाशिवाय दट्ट्या झटके देत सरकतो. स्पायडर व्हेनमध्ये थेंबाथेंबाने द्रव सोडताना असा एक झटका म्हणजे एक फुटलेली शिर. म्हणून फोमला दोन भागांची आणि द्रवाला नेहमीची तीन भागांची. एकाच प्रकारात सगळं भागवायचा हट्ट मी कधीच सोडला.

औषध फार सौम्य असेल तरी फोम लवकर विरतो, तेव्हा आधी टक्केवारीही तपासा.

१०. फोमसाठी दोन सिरिंजा कुठल्या मापाच्या आणि किती वेळा घुसळायच्या?

सगळीकडे चालणारी पद्धत इटलीच्या लोरेन्झो टेसारी यांची, २००० साली प्रसिद्ध झालेली. दोन सिरिंजा, मध्ये थ्री-वे (तीन तोंडांची, चावी असलेली प्लास्टिकची जोडणी). एकीत १ भाग औषध, दुसरीत ४ भाग हवा. दोन्ही ५ मि.ली.च्या घ्या, हिशोब सरळ बसतो: १ मि.ली. औषध, ४ मि.ली. हवा. मग रवीने ताक घुसळावं तसं इकडून तिकडे वीस वेळा. थ्री-वेची चावी किंचित वळवून भोक अरुंद केलं की बुडबुडे आणखी बारीक होतात. दोन्ही सिरिंजा लॉकच्याच हव्यात, नाहीतर दहाव्या फेरीला फोम छतावर.

तयार झाला की लगेच वापरा, मिनिट-दीड मिनिटाच्या आत. बोलत बसलात तर नवा बनवा, आणि जुना पुन्हा घुसळून नवा म्हणून देऊ नका. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरणारेही आहेत. तो रक्तात लवकर विरघळतो, पण त्याचा फोमही तितकाच लवकर मोडतो.

फोम ३० जीमधून ढकलू नका. बुडबुडे सुईतच फुटून एकमेकांत मिसळतात. २५ जी किंवा त्याहून जाड घ्या. एका बैठकीत सगळा मिळून १० मि.ली. फोम ही युरोपीय तज्ज्ञांच्या सहमतीतून आलेली मर्यादा आहे, ती पाळावी.

११. अर्ध्यावर दट्ट्या जड का होतो?

औषध साबणासारखं आहे, हे प्रश्न १ मध्ये आलं. ते नळीतलं सिलिकॉनचं तेल धुऊन काढतं. सिरिंज भरून बराच वेळ ठेवली की दट्ट्या अडतो, मग अंगठा जोर लावतो, आणि सुटला की एकदम सुटतो. भरल्यावर एकदा दट्ट्या मागे-पुढे करून मोकळा करा, हवा काढा, आणि मगच कातडीपाशी न्या. दट्ट्या अडला असताना सुई शिरेत असेल तर जोर न लावता सुई बाहेर काढा आणि सिरिंज बदला. एक सिरिंज वाया गेली तरी चालेल.

१२. सकाळीच सगळ्या सिरिंजा भरून ठेवल्या तर?

नको. वरच्या प्रश्नातलं कारण आहेच, शिवाय निर्जंतुकपणाचा प्रश्न येतो. आणि सगळ्यात मोठी भीती अदलाबदलीची. सलाइन, लिग्नोकेन (बधिर करायचं औषध), पोलिडोकॅनॉल, एसटीएस ही चारही पाण्यासारखी रंगहीन असतात. भरल्याक्षणी लेबल लावा, त्यावर औषधाचं नाव आणि टक्केवारी लिहा. "मला आठवतंय ना, डावीकडची अर्ध्या टक्क्याची" हे वाक्य मी ओटीत उच्चारू देत नाही.

१३. माझ्याकडे ३ टक्क्यांचं औषध आहे. सिरिंजमध्येच पातळ करू का?

(फक्त डॉक्टरांसाठी.) करता येतं, पण हिशोब कागदावर मांडून. ३ टक्क्यांच्या १ मि.ली.पासून ०.५ टक्क्याचं ६ मि.ली. होतं, म्हणजे १ मि.ली. औषधात ५ मि.ली. सलाइन. ०.२५ टक्के हवं असेल तर १ मध्ये ११. हे १० मि.ली. किंवा त्याहून मोठ्या सिरिंजमध्ये करा आणि तिथून ३ मि.ली.च्या सिरिंजांत वाटा. ३ मि.ली.च्या सिरिंजमध्येच अर्धा भाग औषध मोजायला गेलात तर टोकाशी अडकलेल्या ०.१ मि.ली.नेच सगळं गणित बिघडतं.

मर्यादा डोक्यात ठेवा. पोलिडोकॅनॉलसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोला २ मि.ग्रॅ. ६० किलोच्या बाईला १२० मि.ग्रॅ. ०.५ टक्क्याच्या औषधात हे २४ मि.ली. होतात, पण ३ टक्क्यांच्या औषधात अवघे ४. अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या पोलिडोकॅनॉलच्या माहितीपत्रकात दर टोचणीला ०.१ ते ०.३ मि.ली. आणि बैठकीला जास्तीत जास्त १० मि.ली. असं आहे. मी हीच मर्यादा धरून चालतो.

१४. काचेची सिरिंज चांगली असं जुने डॉक्टर म्हणतात. खरंय का?

काचेवर घासून बसवलेला काचेचा दट्ट्या असा सरकायचा की अंगठ्याला शिर "कळायची". म्हणणाऱ्यांचं खोटं नाही. शिवाय तिच्यात रबर नाही. पण ती उकळा, ऑटोक्लेव्ह करा, जोड्या जुळवून ठेवा, आणि एवढं करूनही रक्तातून पसरणाऱ्या आजारांची टांगती तलवार डोक्यावर. आज एकदाच वापरायच्या निर्जंतुक सिरिंजा सहज मिळत असताना तो खटाटोप कुणी करू नये.

१५. सुई बदलली तर तीच सिरिंज पुढच्या पेशंटला चालेल ना? औषध उरलंय आणि ते महाग आहे.

नाही. शिरेत सुई असताना थोडंसं रक्त मागे सिरिंजमध्ये येतंच, डोळ्यांना दिसो वा न दिसो. एक सिरिंज, एक सुई, एक पेशंट. त्याच पेशंटला दुसऱ्या जागी टोचताना फक्त सुई बदलली तर चालते. उरलेलं औषध टाकायचं. जीव तुटतो, मलाही तुटतो, पण टाकायचं.

१६. (पेशंट) डॉक्टरांनी सिरिंजा बाहेरून आणायला सांगितल्यात. दुकानात काय बघू?

चिठ्ठीतलं नाव आणि माप जसंच्या तसं मागा. "३ मि.ली. लॉकवाली" लिहिलं असेल आणि दुकानदार "ताई, ५ ची घ्या, सारखीच असते" म्हणाला, तर घेऊ नका, क्लिनिकला फोन करा. पाकीट कुठेही फाटलेलं, ओलसर किंवा उघडून परत चिकटवलेलं नसावं. निर्जंतुक केल्याची नोंद, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा. दोन-तीन जादा घ्या, न उघडलेल्या परत करता येतात. लोक ज्याला सरसकट डिस्पोव्हॅन म्हणतात ते एका कंपनीच्या मालाचं नाव आहे. डॉक्टरांना नेमकी लॉकवाली हवी असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं.

आणि ऑनलाइन औषध मागवून घरीच टोचून घ्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. चुकून औषध धमनीत गेलं तर कातडी काळी पडते. क्वचित कुणाला तीव्र ऍलर्जी येते, तेव्हा हाताशी ऍड्रिनॅलिन आणि ते देणारं माणूस लागतं. घोट्याजवळ तर आम्हीसुद्धा जपूनच हात चालवतो.

१७. (पेशंट) ट्रेमध्ये सात-आठ सिरिंजा पाहिल्या आणि छातीत धस्स झालं. एवढं औषध?

नाही हो. प्रत्येकीत एक-दीड मि.ली. असतं, तेही मुद्दाम (प्रश्न ३). दोन-तीन सिरिंजांत नुसतं सलाइन असतं. एकेका टोचणीला जाणारं औषध दोन-चार थेंबांच्या वर नसतं.

१८. (पेशंट) सिरिंजमध्ये बुडबुडा दिसला. हवा शिरेत गेली तर?

बारीक शिरेत गेलेला लहानसा बुडबुडा विरघळून जातो. गंमत म्हणजे १९४४ मध्ये ऑरबाक नावाच्या डॉक्टरांनी मुद्दाम औषधाआधी थोडी हवा सोडायची पद्धत मांडली होती: हवेने रक्त बाजूला सारलं की औषध पातळ न होता शिरेच्या भिंतीला लागतं. आजचा फोम त्याच विचाराचा वारस. फोम दिल्यावर कुणाला थोडा वेळ डोळ्यांसमोर चमकल्यासारखं होतं किंवा डोकं दुखतं. मायग्रेन असेल किंवा हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे असं कधी कुणी सांगितलं असेल, तर ते आधीच सांगा. लपवू नका.

१९. लॅटेक्सची ऍलर्जी असलेल्या पेशंटला?

आता बऱ्याच सिरिंजांच्या दट्ट्याचं रबर कृत्रिम असतं आणि पाकिटावर लॅटेक्स नसल्याची खूण असते. ती नसेल तर दोन भागांची वापरा, तिच्यात रबरच नाही. औषधाच्या बाटलीचं रबरी बूच आणि हातमोजे मात्र सगळेच विसरतात.

२०. वापरून झाल्यावर कुठे टाकायच्या?

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात. सुई काढलेल्या सिरिंजा आणि थ्री-वे लाल पिशवीत. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई निघत नाही, म्हणून ती अख्खी पांढऱ्या डब्यात. रिकाम्या काचेच्या कुप्या आणि अँप्यूल निळ्यात. टोचून झाल्यावर सुईला टोपण परत लावू नका. आम्ही स्वतःच्या बोटांत टोचून घेतो ते बहुतेक याच वेळी.

२१. सुई वाकवून टोचतात ते बरोबर आहे का? आणि मी डावखुरी आहे, मला मापंच दिसत नाहीत.

दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्र घेतले. कातडीला जवळजवळ समांतर शिरता यावं म्हणून ३० जी सुई ३० ते ४५ अंशांत वाकवायची पद्धत जुनी आहे. सुरक्षेच्या नियमांना सुई वाकवणं पसंत नाही, आणि त्यांचं म्हणणं योग्य आहे. वाकवणारच असाल तर बोट न लावता, तिच्या निर्जंतुक टोपणाच्या आधाराने, आणि टोचण्याआधी एकदाच.

लॉकवाली सुई कुठे घट्ट होईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून आधी सुई बसवा, मग तिरपं तोंड वर येईल अशी सिरिंज धरा आणि मापं कुठल्या बाजूला गेली ते बघा. तळहाताखाली गेली असतील तर सुई काढून दुसरी लावा, तिचे आटे थोड्या वेगळ्या जागी थांबतात. तोंड वर आणि मापं समोर आली, की मगच वाकवा. डावखुऱ्या डॉक्टरांना हे दोन-तीनदा करावं लागतं, उजव्यांना नशिबाने एकदाच जमतं. माझ्या डावखुऱ्या सहकारी मॅडमनी यातून स्वतःची वाट काढली आहे: नळीवर ०.२ मि.ली.च्या अंतराने मार्करने ठिपके, उलट्या बाजूला. सिस्टर ट्रे मांडतानाच ते काढून ठेवतात.